टिकणारा आनंद: फिलिप्पैकरांस पत्र आणि सहा आठवड्यांचा सराव

येशूचा प्रेषित पौल कैदेत होता. खटल्याचा निकाल लागायचा होता, जगणार की मरणार हे त्याला ठाऊक नव्हते, आणि त्याच्या बेड्यांचे ओझे आणखी जड व्हावे म्हणून बाहेर काही जण मुद्दाम चुरशीने उपदेश करत फिरत होते. तिथून त्याने फिलिप्पै इथल्या मंडळीला पत्र लिहिले. चार अध्यायांचे, १०४ वचनांचे हे छोटेसे पत्र आहे, पण आनंदाचा उल्लेख त्यात पंधरा-सोळा वेळा येतो.

ज्यांना हे पत्र मिळाले त्यांना पौलाचा तुरुंग नवा नव्हता. प्रेषितांची कृत्ये १६ उघडून पाहा. याच फिलिप्पैत पौल आणि सीला यांना उघडे करून छड्या मारल्या होत्या, पाय खोड्यात अडकवले होते, आणि मध्यरात्री ते दोघे गात होते. त्या रात्री तुरुंगाच्या अधिकाऱ्याने त्यांच्या जखमा धुतल्या आणि घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला. पत्र मंडळीत मोठ्याने वाचले गेले तेव्हा तो अधिकारी कदाचित ऐकणाऱ्यांत बसलेलाही असेल.

याच पत्रात पौल लिहितो की, आहे त्या परिस्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे (४:११). या लेखाचा सगळा डोलारा त्या वाक्यावर उभा आहे. ख्रिस्ती आनंद ही देवाची देणगी आहे. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांत प्रीतीनंतर लगेच त्याचे नाव येते. पण ही देणगी धरून ठेवायला शिकावे लागते, आणि शिकायचे म्हटले की वेळ, क्रम आणि सराव आलाच. खाली दिलेला क्रम सहा आठवड्यांचा आहे. तो कधीही सुरू करता येतो. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, सुरू केलात तर ईस्टरच्या आधीचा जवळजवळ सगळा काळ त्यात बसतो.

सुरुवात करण्यापूर्वी

एक पवित्र शास्त्र हवे, छापील. मोबाइलवरचे चालते, पण मध्येच संदेश येतो आणि पाच मिनिटे कुठे गेली ते कळत नाही. भाषांतर तुमच्या मंडळीत किंवा धर्मग्रामात वाचले जाते तेच घ्या, म्हणजे रविवारी ऐकलेले आणि घरी वाचलेले एकमेकांत मिसळेल. एक दोनशे पानी वही, एक पेन्सिल. रोज पंचवीस मिनिटे, शक्यतो एकाच वेळी. पहाटेच हवे असे काही नाही. लोकलने सकाळी सहाला निघणाऱ्याने रात्री जेवणानंतर बसावे; घरातल्या बाईला सगळे बाहेर पडल्यावरची वेळ बरी पडते.

आणखी एक गोष्ट लागते आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात: एक सोबती. आठवड्यातून एकदा अर्धा तास ज्याच्याबरोबर बसून खरे बोलता येईल आणि प्रार्थना करता येईल असा एक विश्वासू माणूस. नवरा-बायकोपेक्षा बाहेरचा कोणी असला तर चांगले, कारण घरातल्या तक्रारींचे ओझे त्या अर्ध्या तासावर पडत नाही. पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री निवडावी. एकट्याने केलेला सराव तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुटतो. पौलासारख्या माणसालाही तीमथ्य आणि एपफ्रदीत हे साथीदार लागले.

तुम्ही ख्रिस्ती नसाल आणि नुसते समजून घेण्यासाठी वाचत असाल तरी पहिला आठवडा तुम्हाला जसाच्या तसा करता येईल. पुढचे सगळे मात्र येशू ख्रिस्त मेला, उठला आणि आज जिवंत आहे या विश्वासावर चालते. तो पाया काढून घेतला तर हाती मनाचे काही चांगले व्यायाम उरतील. त्यांचाही उपयोग होईल, पण पौल ज्याबद्दल लिहितो ते त्यात नसेल.

पहिला आठवडा: सगळे पत्र, रोज, मोठ्याने

सात दिवस रोज चारही अध्याय मोठ्याने वाचा. सावकाश वाचले तर पंधरा ते वीस मिनिटे लागतात. टीकाग्रंथ उघडू नका, प्रवचनाचे व्हिडिओ लावू नका. मोठ्याने यासाठी की हे पत्र मुळात कानांसाठी आहे, आणि ओठ हलत असताना डोळे ओळी गाळू शकत नाहीत.

पहिले दोन दिवस फक्त वाचा. तिसऱ्या दिवशी पेन्सिल घ्या आणि आनंद, हर्ष असा शब्द येईल तिथे रेघ मारा. चौथ्या दिवशी प्रत्येक रेघेसमोर लिहा की हा आनंद कशाचा. यादी साधारण अशी होते: फिलिप्पैकर सुवार्तेच्या कामात सहभागी आहेत याचा (१:४-५), हेतू काहीही असो, ख्रिस्ताची घोषणा होते आहे याचा (१:१८), मंडळी एकचित्त व्हावी याचा (२:२), स्वतःचे जीवन अर्पण म्हणून ओतले जात असले तरी (२:१७), आजारातून उठलेला एपफ्रदीत घरी परतून सगळ्यांना भेटेल याचा (२:२८), त्यांनी आठवणीने मदत पाठवली याचा (४:१०). आणि दोनदा नुसतेच, प्रभूमध्ये आनंद करा (३:१, ४:४).

आता ही यादी स्वतःच्या यादीशेजारी ठेवा. गेल्या महिन्यात तुम्हाला कशाकशाने आनंद झाला ते पाचव्या दिवशी लिहा आणि प्रत्येकापुढे एक प्रश्न: हे उद्या काढून घेतले तर? पगारवाढ, मुलाचे गुण, नवा फ्लॅट, तब्येतीचा चांगला रिपोर्ट. यांत वाईट काही नाही, ही देवाचीच दाने आहेत. पण पौलाच्या यादीतल्या एकाही गोष्टीवर तुरुंगाच्या पहारेकऱ्याचा हात पोहोचत नाही. सुटकेचा विषय १:१९ मध्ये येतो खरा, पण पुढच्याच वचनात तो म्हणतो की जगण्याने असो वा मरण्याने, ख्रिस्ताचा महिमा व्हावा. टिकणे आणि न टिकणे यांतला फरक तुम्हाला तिथेच दिसेल. आनंद ज्याला टेकून उभा आहे ते जितके पक्के, तितका आनंद पक्का.

सहाव्या दिवशी दुःखाच्या जागा शोधा. २:२७ मध्ये पौल कबूल करतो की एपफ्रदीत गेला असता तर त्याच्यावर दुःखावर दुःख कोसळले असते. ३:१८ मध्ये तो रडत रडत लिहितो आहे. हे अगदी लक्षपूर्वक वाचा, कारण आपल्या मंडळ्यांत एक चुकीची शिकवण पसरलेली आहे: खरा विश्वासणारा कधी उदास होत नाही. ज्याने 'सर्वदा आनंद करा' लिहिले त्याच्याच पत्रात आसवे आहेत.

सातवा दिवस सोबत्याबरोबर.

दुसरा आठवडा: हिशेब मिटवणे

या आठवड्यात स्तोत्र ३२ आणि स्तोत्र ५१ एक दिवसाआड वाचा. स्तोत्र ३२ मध्ये दावीद सांगतो की पाप दडवून गप्प राहिलो तेव्हा माझी हाडे झिजली. ५१ मध्ये, नाथान संदेष्ट्याने बथशेबेशी केलेल्या व्यभिचाराचे प्रकरण तोंडावर सांगितल्यानंतर, तो देवाकडे तारणाचा हर्ष परत मागतो. तारण परत मागत नाही, हर्ष मागतो. दडवलेल्या पापाने आधी जातो तो हर्षच.

काम असे करा. एका कागदावर लिहा, नेमके लिहा. 'मी फार वाईट आहे' याचा उपयोग नाही. 'वडिलांच्या जमिनीच्या वाटणीत बहिणीची सही तिला नीट न सांगता घेतली' हे लिहिणे म्हणजे कबुली. प्रत्येक ओळीसमोर तीन प्रश्न: हे देवाजवळ बोललो का, ज्याचे नुकसान झाले त्याच्याजवळ बोललो का, भरून देण्यासारखे काही आहे का. जक्कय या जकातदाराने येशूला घरी घेतले त्याच दिवशी अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवून घेतलेले चौपट परत, असे आकड्यांत सांगितले (लूक १९:८). त्याने नुसते 'माझे चुकले' म्हटले नाही.

कॅथलिक वाचकांनी हा आठवडा संपायच्या आत कुमसार, म्हणजे फादरांजवळ पापांची कबुली, करावा. फादरांना आधी सांगून ठेवले तर शनिवारच्या रांगेत घाई होत नाही. इतरांनी याकोब ५:१६ प्रमाणे पाळकांजवळ किंवा सोबत्याजवळ कबुली द्यावी. फक्त मनातल्या मनात कबुली दिली की तीच गोष्ट दर महिन्याला नव्याने कबूल करत बसावे लागते, हा अनेकांचा अनुभव असतो. दुसऱ्या माणसाच्या तोंडून क्षमेचे शब्द ऐकले की ती कानात राहते.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे खोटी अपराधी भावना. खऱ्या दोषाला नाव असते, तारीख असते, माणूस असतो. ज्याला यातले काहीच नाही, नुसता एक जड ढग आहे, त्याला कबुलीच्या यादीत जागा देऊ नका. सोबत्याला सांगा आणि पुढे चला. दुसरे म्हणजे हिशेब मिटवून आपण देवाची मर्जी विकत घेतली असे वाटणे. त्यावर औषध फिलिप्पै ३:४-९. आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशी, नियमशास्त्राच्या बाबतीत निर्दोष असे आपले सगळे गुण पौल मांडतो आणि ख्रिस्तापुढे ते तोट्याच्या खात्यात टाकतो. बहात्तर शिष्य भुते निघाल्याच्या आनंदात परत आले तेव्हा येशूनेही त्यांना सांगितले की त्याचा आनंद मानू नका, तुमची नावे स्वर्गात लिहिली आहेत याचा माना (लूक १०:२०). सेवेत यश मिळत असते तेव्हा हे वचन सगळ्यांत जास्त लागते.

तिसरा आठवडा: चिंता एका पानावर, आभार दुसऱ्या

फिलिप्पै ४:६-७ पाठ करा. पहिल्या दोन दिवसांत व्हायला हवे. मग वही उघडी धरली की डावे पान चिंतेचे, उजवे प्रार्थनेचे.

डाव्या पानावर एक चिंता एका वाक्यात. लांबली तर तिचे दोन तुकडे करा, कारण बहुतेक मोठ्या चिंता म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या तीन-चार लहान चिंता असतात. 'मुलीचे काय होणार' ही चिंता नाही, धुके आहे. 'मुलीच्या कॉलेजची फी ३० तारखेपर्यंत भरायची आहे आणि वीस हजार कमी पडतात' ही चिंता. उजव्या पानावर तिच्यासमोर तीच गोष्ट मागणी म्हणून लिहा, तारखेसह. खाली त्याच विषयातले एक आभार: ती शिकते आहे, प्रवेश मिळाला आहे. मग जे तुमच्या हातात आहे ते एक काम लिहा आणि त्याच दिवशी करा. प्रार्थना केली म्हणून फोन करायचा राहू नये.

आभारांसाठी रोज तीन ओळी. त्यांचे नियम कडक ठेवा. आज घडलेलेच लिहायचे. आधी लिहिलेले पुन्हा लिहायचे नाही. तीनपैकी एक ओळ कोणा माणसाबद्दल हवी, आणि आठवड्यातून दोनदा त्या माणसाला ते सांगायचे. पौल नेमके हेच करतो: पत्राच्या तिसऱ्या वचनात तो देवाचे आभार मानतो आणि तेच आभार ज्यांच्याबद्दल आहेत त्यांच्याच हाती पाठवतो.

सर्वसाधारण आभार, म्हणजे जीव दिला, आरोग्य दिले, अन्नवस्त्र दिले, हे चौथ्या दिवशी रिकामे होतात. जीभ बोलते, मन दुसरीकडे असते. बारीकसारीक लिहा. 'शेजारच्या मावशींनी नळाला पाणी आल्याचे दार वाजवून सांगितले' ही चांगली ओळ आहे.

इथे सगळ्यांत मोठा गोंधळ होतो तो १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ वरून. तिथे सर्व स्थितींत उपकार माना असे आहे. कर्करोगाबद्दल, अत्याचाराबद्दल, अपघाताबद्दल देवाचे आभार माना असे नाही. ज्या स्त्रीला घरी मारहाण होते तिला 'त्याबद्दलही आभार मान' म्हणणारा वचनाचा गैरवापर करतो आहे. तिला सुरक्षित जागा आणि कायद्याची मदत हवी, आणि ती मिळवून देणे हे मंडळीचे काम आहे.

रिक्षाच्या काचेवर आणि परीक्षेला जाणाऱ्या मुलांच्या पट्टीवर दिसणारे ४:१३ याच आठवड्यात त्याच्या जागी वाचा. ख्रिस्ताच्या सामर्थ्याने मी सर्व काही करू शकतो, असे पौल म्हणतो ते भरल्या पोटी आणि उपाशी पोटी सारखेच राहण्याबद्दल, वरचेच वचन ते सांगते. पहिला नंबर येण्याचे ते वचन नव्हे. ज्याने तसे समजून घेतले त्याचा आनंद निकालाच्या दिवशी एक तर फुगतो किंवा फुटतो.

चौथा आठवडा: विलाप

आनंदाच्या सरावात विलाप कशाला, असे वाटेल. हा आठवडा गाळलात तर आधीचे तीन वाया जातील. जे दुःख देवासमोर बोलले जात नाही ते तसेच आत राहते आणि गाण्याच्या प्रत्येक ओळीला जड करते. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत. इस्राएलाचे हेच गीतांचे पुस्तक होते आणि येशूने वधस्तंभावर उच्चारलेले शब्द त्यातल्याच एका विलापाचे, २२ व्या स्तोत्राचे, आहेत.

नमुना म्हणून स्तोत्र १३ घ्या. सहाच वचने आहेत. पहिल्या दोनांत चार वेळा 'कोठवर' असा प्रश्न. पुढच्या दोनांत मागणी: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे, नाहीतर मी मरेन. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाण्याचा निश्चय. पहिले दोन दिवस हे स्तोत्र तीन-तीनदा वाचा. तिसऱ्या दिवशी त्याच सांगाड्यावर स्वतःचे लिहा. चार प्रश्न, देवाला उद्देशून, सभ्यपणाची फिकीर न करता. मग एक मागणी, ठळक. मग देवाने पूर्वी केलेली एक गोष्ट, जी तुम्हाला खरोखर ठाऊक आहे. मग एक ओळ निश्चयाची.

शेवटची ओळ येत नसेल तर लिहू नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपते आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. कागदावर आशा खरडली की ती मनात उतरते असे होत नाही. उलट देवासमोरही नाटक करायची सवय लागते. चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशी तेच पान पुन्हा मोठ्याने वाचा आणि शेवटची ओळ येते का बघा. कधी एका दिवसात येते. जिवलग गेलेल्या माणसाला वर्ष लागू शकते, आणि त्या वर्षभर पहिली पाच वचने हीच त्याची प्रार्थना.

इथे मंडळीने एक सवय सोडायला हवी. प्रेत घरात असताना येऊन 'रडू नका, ती प्रभूजवळ गेली' म्हणायचे. हे बोलणे प्रेमाचेच असते, पण लाजाराला आपण उठवणार हे येशूला माहीत होते आणि तरी त्याच्या कबरेकडे जाताना तो रडला (योहान ११:३५). पुनरुत्थानाची आशा असल्यामुळे अश्रू अडवायची गरज उरत नाही, हा त्या प्रसंगाचा अर्थ. घरात मृत्यू झाल्यानंतरचा पहिला नाताळ असेल तर सजावट कमी केली, केक-करंज्या केल्या नाहीत, तरी उपासनेला जा. मागच्या बाकावर बसा, गाणे आले नाही तर इतरांना तुमच्या वतीने गाऊ द्या.

योहान १६:२०-२२ या आठवड्याच्या शेवटी वाचा. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांना सांगतो की तुमच्या दुःखाचा आनंद होईल, आणि तो आनंद तुमच्यापासून कोणी काढून घेणार नाही. दुःख बाजूला सारून दुसराच एखादा आनंद देईन असे तो म्हणत नाही. वेणा देणाऱ्या बाईचे उदाहरण तो देतो: ज्या बाळापायी वेदना, त्याच बाळापायी हर्ष.

पाचवा आठवडा: भांडण आणि सेवा

युवदीया आणि सुंतुखे या दोघी फिलिप्पैतल्या कामसू स्त्रिया. सुवार्तेसाठी पौलाच्या खांद्याला खांदा लावून झटलेल्या. त्यांचे कशावरून तरी बिनसले, आणि सबंध मंडळीसमोर वाचल्या जाणाऱ्या पत्रात पौलाने त्यांची नावे घेऊन एकचित्त व्हायला सांगितले (४:२-३). त्यानंतर लगेचच्या वचनात 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' येते. हा क्रम ध्यानात ठेवा. महिला मंडळातले भांडण, पंचायत समितीच्या निवडणुकीतला राग, कब्रस्तानाच्या जागेवरून तुटलेले बोलणे: असे एखादे नाते मनात कुजत असताना आनंदाचा सराव पुढे सरकत नाही.

दोन माणसांची नावे लिहा ज्यांना टाळण्यासाठी तुम्ही चर्चच्या दारात वाट बदलता. त्यांपैकी सोप्यापासून सुरुवात करा. आधी सात दिवस त्या माणसाचे भले व्हावे अशी नाव घेऊन प्रार्थना. मग भेट, शक्यतो त्याच्या घरी, फोनवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. स्वतःच्या वाट्याचे चुकलेले तेवढे बोला आणि 'पण' हा शब्द येऊ देऊ नका. समोरचा वळेलच असे नाही. रोमकरांस १२:१८ मध्ये 'शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके' अशी मर्यादा आहे, तिच्यापलीकडचा भार उचलू नका.

सेवेचा भाग सोपा सांगता येतो. आठवड्यातून एक तास, ज्याची परतफेड होऊ शकत नाही अशा माणसासाठी (लूक १४:१२-१४). सरकारी दवाखान्यात नातेवाईक नसलेला रुग्ण, पत्नी गेलेले एकटे आजोबा, ज्या मुलाची शिकवणीची ऐपत नाही तो. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोक नियमशास्त्र ऐकून रडू लागले तेव्हा त्यांना सांगितले गेले की जा, चांगले खा, गोड प्या, आणि ज्यांच्याकडे काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. परमेश्वराचा आनंद हेच तुमचे बळ. आनंद आणि वाटा पाठवणे एकाच वाक्यात. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणि विधवा केडगावला आणल्या, तेव्हा तिथल्या 'मुक्ती'त प्रार्थनेइतकेच काम होते. स्वयंपाक, शेती, पुढे छापखाना. ती जागा आजही उभी आहे.

पण मंडळीत एक उलटा आजारही दिसतो. संडे स्कूल, गायनवृंद, युवक संघ, ट्रस्टची बैठक, घरोघरच्या प्रार्थना. एकाच माणसाच्या गळ्यात सगळे. सहा महिन्यांत तो चिडखोर होतो आणि रविवार नकोसा वाटतो. येशू घरी आला असता पाहुणचारात गढलेल्या मार्थेला त्याने सेवा करू नको म्हटले नाही, पुष्कळ गोष्टींची चिंता करतेस म्हटले. तीनपेक्षा जास्त जबाबदाऱ्या असतील तर या आठवड्यात एक सोडा, पाळकांना लेखी कळवून.

सहावा आठवडा: रविवार आणि गाणे

तीन भजने पाठ करा, सगळी कडवी. पौल आणि सीला यांच्या हाती त्या रात्री पुस्तक नव्हते. जे पाठ होते तेच गायले गेले. दवाखान्याच्या बाकावर, मुलाला मध्यरात्री ताप असताना, तुमच्याही हाती नसेल. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी मराठी मंडळीला आपल्याच मातीतल्या चालींची भजने दिली. ती टाळ-पेटीवर बसतात आणि घरात आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना म्हणता येतात. एक स्तुतीचे निवडा, एक वधस्तंभाचे, एक संकटातले.

रविवारची तयारी शनिवारी संध्याकाळी होते. कपडे, स्वयंपाकाचा अंदाज, दानाचे पाकीट, दुसऱ्या दिवशीचे शास्त्रपाठ एकदा वाचून. रविवारी सकाळी नऊला इस्त्री शोधणारे घर उपासनेला पोहोचते तेव्हा निम्मे भांडलेले असते. प्रभुभोजन किंवा मिस्सा असेल तेव्हा जाण्याआधी ताजा एक आभार आणि ताजी एक कबुली घेऊन जा, रिकाम्या मनाने रांगेत उभे राहू नका. दुपारी मोबाइल बाजूला, आणि कोणाला तरी जेवायला बोलवा, वरण-भात पुरे.

चर्चच्या पंचांगातही हा सराव आधीच विणलेला आहे. रविवार वगळून चाळीस दिवस उपवासकाळ, आणि ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंत पन्नास दिवस आनंदाचे. म्हणजे आनंदाचा काळ शोकाच्या काळापेक्षा मोठा ठेवलेला आहे. आपण चाळीस दिवस मांसाहार सोडतो आणि ईस्टरच्या सोमवारी सगळे विसरतो. ते पन्नास दिवसही पाळा: दर आठवड्याला एक गोड पदार्थ, एक भेट, एक नवे भजन. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती पेटते, त्या रविवारचे लॅटिन नावही फिलिप्पै ४:४ वरूनच आलेले आहे.

काहीच वाटत नसेल तेव्हा

असे होणारच. कारणे शोधायची तर खालून वर शोधा, शरीरापासून. एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले (१ राजे १९). रात्रपाळी, रात्री एकपर्यंत मोबाइल, रक्तातले लोह कमी असणे, थायरॉइड, बाळंतपणानंतरचे महिने. हे सगळे प्रार्थनेवर परिणाम करतात. त्यानंतर पाहा दडवलेले पाप, मग न मिटलेले भांडण. या तिन्हींत काही सापडले नाही तर देव शांत आहे एवढेच खरे, आणि तेही संतांच्या वाट्याला आलेले आहे. लोयोलाच्या इग्नाशियसने सोळाव्या शतकात अशा कोरड्या काळासाठी एक नियम दिला: उजेडात घेतलेला निर्णय अंधारात बदलू नये. कोरड्या आठवड्यात मंडळी सोडणे, सोबती सोडणे, सराव बंद करणे यांतले काही ठरवू नका. पंचवीस मिनिटे जमत नसतील तर दहा करा, शून्य करू नका.

दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, आवडीच्या कशातच मन न लागणे, जगणे नको वाटणे, असे असेल तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर आजच. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि मराठीत बोलता येते. गोळ्या घेणे हा अविश्वास नव्हे. पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). अशा माणसाला 'उपवास कर, विश्वास वाढव' एवढेच सांगून घरी पाठवणाऱ्या पुढाऱ्याने फार मोठी जोखीम घेतलेली असते.

सातव्या आठवड्यापासून

वही चालू ठेवा, पण आभार तीनऐवजी एक पुरे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी स्तोत्र ३२ आणि कबुलीचा कागद. सोबत्याची भेट दर आठवड्याला, ती कमी करू नका. वाचनासाठी आता योहान १३ ते १७: पाच अध्याय, पाच दिवस, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. १५:११ मध्ये येशू स्वतःचा आनंद शिष्यांत राहावा असे म्हणतो, आणि ते कसे होते हे त्याच अध्यायाच्या आधीच्या दहा वचनांत आहे.

प्रगती मोजायची तर मला कसे वाटते हे विचारू नका, त्याचे उत्तर हवामानासारखे बदलते. घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला विचारा की मी आता पूर्वीइतका रागावतो का. उत्तर वहीत तारखेसह लिहा, आणि तीन महिन्यांनी त्यालाच पुन्हा विचारा.